सिलिकॉन इम्प्लांट: नुसतं ‘सुरक्षित आहे का?’ विचारून थांबू नका

हौसेसाठी स्तनांचा आकार वाढवायचा की नाही, हा निर्णय जिचा तिचा. त्यात नवऱ्याने, सासूने किंवा माझ्यासारख्या संशोधकाने नाक खुपसायचं कारण नाही. पण तुम्ही किंवा तुमची मैत्रीण तसा विचार करत असाल, तर सर्जनला काय विचारावं याबद्दल माझं मत ठाम आहे. ‘सुरक्षित आहे ना?’ असं विचारलं की ‘हो’ असं उत्तर येतं आणि बोलणं तिथेच संपतं. त्याऐवजी विचारा, ‘पुढची वीस-तीस वर्षं याची देखभाल कशी करायची, आणि ती कोण करणार?’

आधी हा पदार्थ समजून घेऊ. मराठीत कॉम्प्युटर चिपमधलं आणि इम्प्लांटमधलं, दोन्ही सिलिकॉनच. पण चिपमध्ये असतं ते मूलद्रव्य, इम्प्लांटमध्ये पॉलिमर. सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या अणूंची आलटून पालटून गुंफलेली लांब साखळी. या साखळ्या एकमेकींना थोड्या ठिकाणी जोडल्या की जेल होतं, जास्त ठिकाणी जोडल्या की रबर. रबराच्या पिशवीत जेल, म्हणजे इम्प्लांट.

रसायन म्हणून हा पदार्थ अगदी शांत आहे. शरीर मात्र शांत बसत नाही. परक्या वस्तूभोवती ते तंतुमय ऊतींचं कवच बांधतं. काही जणींमध्ये हे कवच आवळत जातं, स्तन कडक होतो, दुखतो. शिवाय पिशवी कधीतरी फाटू शकते. आत खारं पाणी असेल तर स्तन बसतो आणि लगेच कळतं. जेल दाट असल्यामुळे बहुधा जागीच राहतं, बाईला पत्ताही लागत नाही. म्हणूनच अमेरिकेची एफडीए सांगते की काहीही त्रास नसला, तरी पाच-सहा वर्षांनी पहिली सोनोग्राफी किंवा एमआरआय करा आणि पुढे दर दोन-तीन वर्षांनी करत राहा. इम्प्लांट जन्मभर टिकत नाहीत, आठ ते दहा वर्षांत २० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना ते काढावे लागतात, हेही तीच संस्था सांगते. पंचविशीत इम्प्लांट बसवून ऐंशीपर्यंत जगायचं, तर वीसेक तपासण्या आल्या आणि बहुधा आणखी एखादी तरी शस्त्रक्रिया आली.

‘सुरक्षित’ या शब्दाचा अर्थही बदलत आला आहे. पहिलं सिलिकॉन इम्प्लांट १९६२ साली ह्यूस्टनमध्ये बसवलं गेलं. १९९२ मध्ये एफडीएने हौसेच्या शस्त्रक्रियांसाठी ते थांबवलं. १९९९ च्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या अहवालाला ऑटोइम्यून आजारांशी संबंध असल्याचा पुरावा सापडला नाही. २००६ मध्ये परवानगी परत मिळाली, आकार वाढवण्यासाठी वयाची अट २२ वर्षं. मग खरखरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटचा एका दुर्मीळ लिम्फोमाशी संबंध दिसला आणि २०१९ मध्ये ॲलर्गनने आपली बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत मागवली. त्याआधी २०१० मध्ये फ्रान्सच्या पीआयपी कंपनीने औद्योगिक प्रतीचं स्वस्त जेल भरल्याचं उघड झालं होतं. दोन्ही वेळा प्रत्येकीपुढे पहिला प्रश्न एकच होता: माझ्या शरीरात नेमकं कोणतं मॉडेल आहे?

परदेशात राहणाऱ्या आपल्यासाठी हा प्रश्न जास्त अवघड आहे. तीन आठवड्यांच्या सुट्टीत मुंबई-पुण्यात कमी खर्चात शस्त्रक्रिया उरकण्याचा मोह होतो. सर्जन उत्तम असेलही. पण इम्प्लांट आठ वर्षांनी फाटेल तेव्हा तुम्ही दुबईत असाल किंवा डॅलसमध्ये. तिथल्या डॉक्टरकडे तुमचे कागद नसतील, आणि हौसेच्या शस्त्रक्रियेचा पुढचा खर्च विमा कंपनी बहुधा देणार नाही.

म्हणून कंपनी, मॉडेल आणि सीरियल नंबर लिहिलेलं कार्ड मागून घ्या, त्याचा फोटो काढून ठेवा. २०२१ पासून अमेरिकेत शस्त्रक्रियेआधी धोक्यांची यादी वाचून तिच्यावर सही करावी लागते. शस्त्रक्रिया पुण्यात होणार असली तरी ती यादी वाचा. तपासण्यांचे आणि इम्प्लांट काढण्याचे पैसे आजच हिशेबात धरा. एवढं करूनही मन ‘हो’ म्हणत असेल, तर जरूर बसवा. आणि आजचाच खर्च कसाबसा जमत असेल, तर माझ्या मते थांबा.