दुकान जळालं तर राख झाडू नका



दुकानाला आग लागली की गावात दोनच निकाल लागतात. "शॉर्टसर्किट झालं", नाहीतर "विम्यासाठी लावली". तेही राख गार व्हायच्या आत! चिंचपाड्यासारख्या गावात हा दुसरा शिक्का बसला की उधारीसुद्धा बंद होते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. संशयाच्या आगींसाठी आपल्याकडेही प्रशिक्षित श्वान हवेत.

पोलिसांचा श्वान म्हटलं की आपल्याला चोराचा माग आठवतो, किंवा १९९३ मध्ये मुंबईत स्फोटकं शोधणारा झंजीर. अमेरिकेत कनेक्टिकटच्या पोलिसांनी १९८६ मध्ये मॅटी या काळ्या लॅब्राडोरला जळालेल्या ढिगाऱ्यात पेट्रोल, रॉकेल यांचा वास ओळखायला शिकवलं. १९९३ पासून तिथली स्टेट फार्म ही विमा कंपनी अशा श्वानांच्या प्रशिक्षणाचा खर्च उचलते. का? खोटा दावा पकडला तर पैसा वाचतो. साधा हिशोब आहे. आपल्या विमा कंपन्यांनीही तो करावा. तालुक्याला नको, विभागाला एक श्वान मिळाला तरी पुष्कळ.

पण श्वान जागा दाखवतो, आरोपी नाही. तो जिथं बसेल तिथला नमुना प्रयोगशाळेत जायलाच हवा. तिथं दुजोरा मिळाला नाही तर श्वानाचा इशारा पुरावा धरू नये, असं अमेरिकेतली आग-तपासाची मार्गदर्शिका 'एनएफपीए ९२१' सांगते. आणि पेट्रोल सापडलं तरी ते जनरेटरचं की कुणी ओतलेलं, हे नाकाला कळत नाही. ते तुमची कागदं सांगतात.

म्हणून आजच एवढं करा:

१. पेट्रोल, डिझेल, थिनर ठरलेल्या जागीच ठेवा. बिलं आणि स्टॉक रजिस्टरचे फोटो दुकानाबाहेर, मोबाईलवर किंवा ईमेलवर ठेवा.

२. आग विझली की फोटो, व्हिडिओ काढा. पंचनामा आणि विम्याचा सर्व्हेअर येऊन जाईपर्यंत काही झाडू नका, धुऊ नका.

३. विमा कंपनीला लगेच लेखी कळवा. कुणावर संशय असेल तर पोलिसांना सांगा, चौकात नाही.

सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये मुदित रोडवेजच्या प्रकरणात सांगितलं, की आग विमेदारानं लावलेली नसेल तर ती नेमकी कशानं लागली याला महत्त्व नाही. म्हणजे सगळा दावा तुमच्या प्रामाणिकपणावर उभा आहे. तो सिद्ध करणारी राख स्वतःच्या हातानं उकिरड्यावर टाकू नका.