अध्यापकांविना तज्ज्ञ कोठून येणार?

१ जुलै २०२४ रोजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली. सात वा अधिक वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक विज्ञानाच्या तज्ज्ञाने घटनास्थळी गेलेच पाहिजे, असे तिचे १७६ वे कलम बजावते; त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. पण हे तज्ज्ञ घडवणार कोण? मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठाने १९५९ सालीच या शास्त्राचा विभाग उघडला. गुन्हेशास्त्रात नेट उत्तीर्ण झालेले तरुणही आहेत. तरीही कायम जागा रिकाम्या ठेवून तासिकांवरील अध्यापकांकडून काम भागवण्याचा विद्यापीठांचा शिरस्ता सुटत नाही! ही काटकसर नव्हे. तिची किंमत सदोष पुराव्यावर तुरुंगात खितपणारा निरपराध मोजतो. सरकारला आमचे रोखठोक सांगणे आहे: आधी जागा भरा, मग नव्या कायद्याचे नगारे वाजवा!