तेरीज जुळत नाही तेव्हा

तेरीज जुळली नाही की कच्चा मुनीम फरक उचंत खाती टाकून मोकळा होतो; जाणता मुनीम एकेक पावती काढून बसतो. जुन्या मोटारीच्या सेन्सरचा अधूनमधून उद्भवणारा दोष शोधतानाही हाच फरक प्रत्ययास येतो.

एका कापडव्यापाऱ्याची २०१२ सालची पेट्रोल मोटार उन्हाळ्यात वाटेतच बंद पडू लागली. अर्ध्या तासाने चावी फिरवताच ती सुरू होई आणि गॅरेजमध्ये पोहोचल्यावर निर्दोष ठरे. प्रथम बॅटरी बदलली, मग स्पार्क प्लग, नंतर पेट्रोलचा पंप. तीन बिले झाली. दोष कायम राहिला. एके दिवशी घाट उतरतानाच इंजिन थांबले. स्टिअरिंग जड झाले, ब्रेक नेहमीपेक्षा जोराने दाबावा लागला. मागे वृद्ध आई आणि दोन नातवंडे बसली होती. प्रश्न केवळ पैशांचा उरला नाही.

तेव्हा थोरल्या मुलाने गाडीत एक वही ठेवली. तारीख, किती मिनिटे गाडी चालली, तापमानाचा काटा, ऊन की पाऊस, आणि बंद पडल्यावर आरपीएमचा काटा कोठे होता, एवढ्याच नोंदी. पाच नोंदींतच मेळ लागला. इंजिन चांगले तापल्यावरच गाडी थांबे, आणि नंतर स्टार्टर फिरत असूनही आरपीएमचा काटा शून्यावरून हलत नसे. क्रँकशाफ्टची गती व स्थिती सांगणाऱ्या सेन्सरचा संकेत इंजिनाच्या संगणकापर्यंत पोहोचत नसावा, असे यावरून दिसत होते. तो संकेत नसेल तर संगणक ठिणगी आणि इंधन दोन्ही थांबवतो.

स्कॅनरवर ‘पी ०३३५’ हा कोड आला. येथेच बहुतेकांची फसगत होते. कोड सर्किटचे नाव सांगतो, खराब सुट्या भागाचे नव्हे. त्या सर्किटमध्ये सेन्सर, जोडणीचा प्लग, तारा आणि संगणक असे सारेच येते. सेन्सर लगेच बदलला असता तर तो चौथा अंदाज ठरला असता. मेकॅनिकने इंजिन गरम असतानाच, फिरत्या भागांपासून हात दूर ठेवून, तारांचा जुडगा थोडा थोडा हलवून पाहिला. एका जागी इंजिन थांबले. एक्झॉस्टच्या नळीजवळ तारेचे आवरण कडक होऊन तडकले होते आणि आतील तांब्याचे धागे तुटत आले होते. सेन्सर निर्दोष निघाला. तारेचा तेवढा भाग बदलून, उष्णतारोधक आवरण घालून, नळीपासून दूर बांधण्यात आला.

अशा तपासणीचा क्रम ठरलेला असावा. कोड वाचण्यापूर्वी बॅटरीची तार काढू नये. त्यामुळे नोंद पुसली जाण्याची शक्यता असते. कोडसोबत दोषाच्या क्षणीचा वेग, आरपीएम व तापमानही साठवलेले असते, ते उतरून घ्यावे. बंद गाडीची बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट आणि चालू इंजिनावर १४ च्या आसपास असावी. मग अर्थिंगच्या तारा, प्लगमधील हिरवट गंज, सैल पिना, उंदरांनी कुरतडलेल्या तारा पाहाव्यात. सेन्सरचे मापन शेवटी, आणि थंड व गरम अशा दोन्ही अवस्थांत करावे.

रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत, इंजिन सुरू करण्यापूर्वी, स्कॅनरवर कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे दिसले पाहिजे. मोठी तफावत असेल तर दोहोंपैकी एका सेन्सरची साक्ष खोटी आहे.

दोष सापडेपर्यंत अशी गाडी घाटात वा महामार्गावर कुटुंबासह नेऊ नये. त्या व्यापाऱ्याच्या गाडीत ती वही अजून आहे. आता तिच्यात तेलबदलाच्या तारखाही लिहिल्या जातात.