रायफलला शिव्या नंतर, आधी मॅगझिन बघा

कारगिलचा विषय निघाला की इन्सासच्या नावाने शिव्या सुरू. १९९९ मध्ये तिथल्या थंडीत तिची प्लास्टिकची मॅगझिनं तडकली, हे खरंच. रायफल आपल्या पुण्याच्या एआरडीईत आखलेली, म्हणून जरा जास्तच लागतं.

पण मंडळी, नोकरीत मी काय पाहिलं सांगतो. राउंड चढत नाही म्हणून रायफल दुरुस्तीला जायची आणि दोष निघायचा मॅगझिनचा. तोंडाच्या कडा वाकलेल्या, स्प्रिंग मेलेली, नाहीतर आत माती. कधी तर खटका नीट लागलेलाच नसायचा. तपासायची रीत सोपी आहे. त्याच रायफलला दुसरं मॅगझिन लावा. अडकणं थांबलं, तर पहिलं बाजूला काढा. दुसऱ्या रायफलमध्येही ते अडकलं, तर शंकाच नको. त्यासाठी प्रत्येक मॅगझिनवर पक्का नंबर हवा (आमच्याकडे खडूने लिहायचे, दोन दिवसांत गायब!).

खरी गोची पुढे आहे. खराब मॅगझिन जमा करायला गेलं की 'तुटलं कसं?' म्हणून जवानालाच जाब. मग कोण जमा करेल? मोजणीत आकडा जुळावा म्हणून ते कोतमध्ये तसंच राहतं आणि पुढच्या गस्तीला दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात जातं. अहो, गाडीचा टायर झिजतो तसं हे झिजणारच. सैन्य असो की पोलीस, खराब मॅगझिन आणून देणाऱ्याला त्याच दिवशी नवं द्या, आणि कागद नंतर रंगवा.