वॉरंटीचं पुस्तक आणि गॉडझिलाची डायरी

परवाच्या शनिवारी मी एका गॅरेजात उभा होतो. माझ्या सव्वा वर्षाच्या टर्बो हॅचबॅकचं रीमॅपिंग करायला. म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलायचा, वीस-पंचवीस बीएचपी वाढवायचे आणि खंडाळ्याचा घाट चढताना शेजारच्या एसयूव्हीकडे बघायचंसुद्धा नाही! गॅरेजवाला चहा पुढे करत म्हणाला, "टेन्शन नका घेऊ साहेब. सर्व्हिसिंगच्या आधी आणा, ओरिजनल फाईल परत टाकून देतो. कंपनीला पत्ता लागणार नाही."

नेमका तेव्हाच मला गॉडझिला आठवला.

गॉडझिला म्हणजे निस्सान जीटी-आर. डिसेंबर २००७ मध्ये जपानात आली, २००८ मध्ये अमेरिकेत. ३.८ लिटरचं ट्विन टर्बो व्ही-सिक्स इंजिन, ड्युअल क्लच गिअरबॉक्स आणि दुप्पट किमतीच्या गाड्यांना घाम फोडणारा पिकअप. अमेरिकेतल्या पोरांनी लगेच एक युक्ती शोधली. ट्रॅक्शन सांभाळणारी व्हीडीसी सिस्टिम बंद करायची, डावा पाय ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबून. इंजिन साधारण साडेचार हजार आरपीएमवर गुरगुरत थांबतं. ब्रेक सोडला की गाडी नाही, तोफगोळा!

पण काहींचे गिअरबॉक्स या तोफगोळ्यात गेले. बदलायचा खर्च तेव्हा सुमारे वीस हजार डॉलर सांगितला जायचा. मूळ गाडीच सत्तर हजारांच्या आसपास. मंडळी वॉरंटी घेऊन गेली, तर कंपनीने मॅन्युअल उघडून दाखवलं : व्हीडीसी बंद असताना झालेलं नुकसान वॉरंटीत नाही. ते बटण होतं गाडी चिखलात किंवा बर्फात रुतली तर बाहेर काढण्यासाठी! आता सांगा, जीटी-आर घेऊन चिखलात कोण जातं? आणि "मी नव्हतं बंद केलं हो" म्हणायचीही सोय नाही. व्हीडीसी कधी चालू, कधी बंद, याची नोंद गाडीतला रेकॉर्डर स्वतःच ठेवत होता.

माझ्या मते यात कंपनीही धुतल्या तांदळासारखी नव्हती. जाहिरातीत रेसट्रॅक दाखवायचा आणि वॉरंटीत चिखल, हे काही बरोबर नाही. नंतर तिने सॉफ्टवेअर बदललं, सुरुवातीचे आरपीएम तीन हजारांच्या आसपास आणले. गंमत म्हणजे गाडी त्यामुळे काही मंद झाली नाही.

जपानमधली तऱ्हा आणखी न्यारी. तिथे गाडी १८० किमीवर अडायची. जीपीएसला गाडी ओळखीच्या रेसट्रॅकवर आहे असं दिसलं, तरच ही मर्यादा काढता यायची. ट्रॅकवरून आल्यावर मात्र कंपनीच्या खास सेंटरमध्ये पैसे भरून तपासणी. ती चुकवली की वॉरंटी धोक्यात. कडक सासूबाई, पण निदान नियम तोंडावर सांगणाऱ्या!

अमेरिकेत ग्राहकाच्या बाजूने १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा आहे. बाहेरचा पार्ट लावला एवढ्यावरून कंपनी पूर्ण वॉरंटी नाकारू शकत नाही. त्या पार्टमुळेच बिघाड झाला, हे दाखवावं लागतं. पण टर्बोचं प्रेशर वाढवलं आणि क्लच गेला, तर संबंध दाखवायला कितीसा वेळ लागणार?

आणि हो, पोर्शेसारख्या गाड्या तर इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं हेही लिहून ठेवतात. सेकंडहँड घेणारे शहाणे लोक आधी तो रिपोर्ट मागतात.

तर मी, चहा निववत, गाडीतून वॉरंटीचं पुस्तक काढलं. सव्वा वर्षात पहिल्यांदा! आठव्या पानावर सापडलं : इंजिन कंट्रोलमध्ये फेरफार केल्यास संबंधित भागांवर वॉरंटी लागू नाही. संबंधित भाग म्हणजे इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स. उरलं काय? हॉर्न आणि वायपर. आणि माझे ईएमआयचे पंचेचाळीस हप्ते.

गॅरेजवाल्याला विचारलं, "प्रोग्रॅम किती वेळा बदलला याचा आकडा कॉम्प्युटरमध्ये राहतो का हो?"

तो थोडा थांबला. "काही गाड्यांमध्ये राहतो."

"आणि माझ्या?"

"...चेक करावं लागेल साहेब."

चहाचे पैसे मी दिले. तो नको म्हणत होता, तरी दिले.