रात्रीची सकाळी उतरलेली नसते

गांधीबागेतल्या दुकानदारांनो, दुकानांत राबणाऱ्या पोरांनो, हमालभावांनो, टेम्पो आणि ई-रिक्षा चालवणाऱ्यांनो,

पोळा तोंडावर आला आहे. रात्री ठिकठिकाणी बैठका बसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी काळी-पिवळी मारबत निघेल, तेव्हा इतवारी, गांधीबाग, महालात मुंगी शिरायला जागा नसेल. बडग्यांपुढे नाचणारी पोरं, बापाच्या खांद्यावर बसलेली लेकरं आणि म्हाताऱ्या आज्या, सगळे रस्त्यावर असतील. त्याच गर्दीच्या दिशेने दुचाकी हाणत येणाऱ्या कितीतरी जणांच्या अंगात रात्रीची दारू शिल्लक असेल. ‘झोप झाली, आंघोळ झाली, आता काय!’ असं म्हणून निघालेल्या त्या माणसांसाठी हे आवाहन आहे.

गांधीबागेला हिशेब कळतो, म्हणून हिशेबच मांडतो. तीस मिलीच्या छोट्या पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ६५ किलोच्या धडधाकट पुरुषाच्या शरीराला ते संपवायला साधारण दीड तास लागतो. क्वार्टरमध्ये असे सहा पेग, म्हणजे नऊ तास. रात्री बाराला शेवटचा घोट घेतला, तर सकाळी नऊपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. दोघांनी मिळून खंबा संपवला असेल, तर प्रत्येकाचे एकोणीस तास होतात. दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ उजाडते म्हणा ना! ‘बीयरच तर होती’ म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बीयरची ६५० मिलीची एक बाटली चार छोट्या पेगांच्या बरोबरीची असते. तिचे सहा तास. बाई असो की सडपातळ माणूस, वेळ आणखी वाढतो. यकृत बिघडलेलं असेल, तर हा हिशेबच धरू नका.

हा वेळ कशानेही कमी होत नाही. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी, थंड पाणी, उलटी यांनी जरा तरतरी येते, रक्तातलं अल्कोहोल तेवढंच राहतं. सावजीचा तर्रीदार रस्सा आधी खाल्ला, तर दारू हळू चढते, लवकर उतरत नाही. खर्रा आणि पानाचं तर बोलूच नका. पोलिसांचं मशीन तोंडाचा वास घेत नाही, फुप्फुसातून येणाऱ्या हवेतलं अल्कोहोल मोजतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर पहिल्यांदा सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पण ३० च्या आत आहोत म्हणजे सुरक्षित आहोत, असं मुळीच नाही. ब्रेकवर पाय उशिरा जाणं त्याआधीच सुरू होतं, आणि आपल्याला उशीर होतोय हे प्यालेल्याला कळत नाही, खरी गोम तीच.

सीए रोडच्या टोकाला रामझुला आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत मध्यरात्रीनंतर तिथे भरधाव मोटारीने दुचाकीला उडवलं आणि दोघे जण गेले. मोटार चालवणारी व्यक्ती दारूच्या नशेत होती, असा पोलिसांचा आरोप आहे. कोर्ट काय ठरवायचं ते ठरवेल. ती दोन घरं मात्र कायमची मोडली.

तेव्हा पोळ्याच्या रात्री बसायचंच असेल, तर गाडी घरी ठेवून जा. रात्री उशिरा मेट्रो मिळत नाही, येण्यासाठी ऑटो आधीच सांगून ठेवा. सेठलोकांनी सकाळी डोळे लाल दिसणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती टेम्पोची किल्ली देऊ नये, त्या दिवसाची मजुरीही कापू नये. कापली, तर तो खरं सांगणार नाही. घरच्या बायांनी किल्ली लपवली, तर कुणी त्यांच्यावर ओरडू नये. आणि मारबत बघायला पायी या, नाहीतर मेट्रोने अग्रसेन चौकात उतरा.