काळी साडी एकच घ्या, पण इरकल घ्या

संक्रांत जवळ आली की आमच्या बेळगावात खडेबाजार, गणपत गल्ली काळ्या साड्यांनी भरून जातात. पतंग छापलेल्या, तिळगुळाच्या वाट्या छापलेल्या. हौसेनं घ्यायची, एक दिवस नेसायची, फोटो काढायचे, की झालं. पतंगाची साडी मार्चात कोण नेसणार, सांगा की! अशा तीन-चार साड्यांचे पैसे साठवून एक काळी इरकल घ्यावी, असं माझं स्पष्ट मत.

आमच्याकडं काळं वर्षातून दोनदाच बिनधास्त बाहेर येतं. एक संक्रांत आणि दुसरा १ नोव्हेंबर. १९५६ साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, त्याचा निषेध म्हणून मराठी माणसं त्या दिवशी काळा दिन पाळतात, काळे कपडे घालून, काळ्या फिती बांधून निघतात. बाकी वर्षभर मात्र "काळं नको गं, शुभकार्य आहे."

मला हे कधी पटलं नाही. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा आणि हलव्याचे दागिने, बोरन्हाणाला बाळाला काळं झबलं, हे सगळं आपणच करतो. काळं थंडीत ऊब धरतं म्हणून चालतं म्हणे. ऊब काय एकाच दिवशी लागते?

गेल्या वर्षी पुतणीनं स्वतःच्या साखरपुड्याला काळी इरकल नेसणार म्हटलं आणि घरात दोन दिवस अबोला. थोरल्या जाऊबाई तर जेवल्या नाहीत. शेवटी मुलाच्या आईच म्हणाल्या, "नेसू दे की वो. आमच्या धारवाडकडं नवरीला काळी लागायचीच." खरंच आहे ते. तिकडच्या कानडी घरांत पूर्वी नवरीच्या साड्यांत काळी रेशमी चंद्रकळा असायची, तीवर कसुतीचं भरतकाम. गोपुरं, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन. धाग्याला गाठ मारायची नाही, त्यातला एक टाका तर उलट-सुलट सारखाच दिसतो. आपण निषेधाला नेसतो ती काळी इरकलसुद्धा बागलकोट जिल्ह्यातल्या इळकलच्या मागावरची, हे कुणी ध्यानात घेत नाही.

आता अंगाला शोभण्याचं. काळ्यात बाई बारीक दिसते, हे अर्धंच खरं. चकचकीत सिंथेटिक काळ्यावर उजेड पडला की पोटाची प्रत्येक वळी दिसते. सुती काळं उजेड गिळतं. उंची कमी असेल तर काठ बारीक घ्या, उंच असाल तर रुंद काठ खुशाल मिरवा. अंग भरलेलं असेल तर साडीला खळ देऊ नका, फुगते. किडकिडीत मुलींनी जरूर द्यावी. आणि सावळ्या बाईनं काळं नेसू नये म्हणणाऱ्यांनी एकदा इरकलीचा लाल टोप पदर खांद्यावर घेऊन आरशात बघावं.

ऑफिसला साधं सुती ब्लाऊज घाला, लग्नाला गुळेदगुड्डचा खण आणि मोत्याचे दागिने. साडी तीच.

साडी झेपत नाही त्या पोरींनी काळ्या खणाचा ड्रेस शिवावा. खण कडक असतो, म्हणून तंग शिवू नका, कमरेखाली घेर सोडा. काठ खाली घेराला लावायला सांगा. पोटावर आडवा काठ आला की काळ्याचा सगळा फायदा गेला! शिंपी तो हमखास तिथंच लावतात.

घेताना साडी दुकानाच्या दारात आणून बघा. ट्यूबलाइटखाली गडद निळं आणि काळं सारखंच दिसतं. ओला पांढरा रुमाल घासून रंग जातो का तपासा. मग पदराचा जोड बघा. हातमागाच्या इरकलीत अंगाचा ताणा आणि पदराचा ताणा फासात फास अडकवून जोडलेला असतो, त्याला कोंडी म्हणतात. छापील नकलेत ती नसते. दुकानदार "सगळं सेमच आहे वो" म्हणाला, तर पुढच्या दुकानात चला.

आणि आजीची चंद्रकळा ट्रंकेत असेल तर नवी घेण्याआधी ती उघडून बघा. रेशीम घडीवर विरतं, वर्षातून दोनदा घडी बदलावी लागते.